हट्टी हेन्रीचे शेवटचे इंजिन

इंजिन हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाने ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे मोटार येत नाही, विहीर येते. विहिरीच्या काठावर बसवलेले, हँडल मारून सुरू होणारे, काळा धूर सोडत धडधडणारे डिझेल इंजिन. ते कोणते घ्यावे, किती अश्वशक्तीचे घ्यावे, यावर एके काळी घराघरांत खल होई. विहिरीची खोली, शेताचा चढ, डिझेलचा खर्च आणि कनवटीचा पैसा अशा चार गोष्टी पाहून मगच शब्द दिला जाई. मुलीला स्थळ पाहावे तसे इंजिन पाहिले जाई म्हणा ना! कारण एकदा घरी आणले की पंधरा-वीस वर्षे त्याच्याशीच संसार. पुढे वीज आली, विहिरीत मोटारी बसल्या. पण इंजिन निवडणे हे साधे काम नव्हे, ही जाण आमच्याकडे अजून शिल्लक आहे.

हाच खल, वेगळ्या कारणासाठी, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतात गेल्या शतकात फार रंगला. तिथली तरुण पोरे भंगारात गेलेली जुनी फोर्ड गाडी पाच-पन्नास डॉलरला विकत घेत. तिचे मडगार्ड काढून टाकत, टप उतरवत, जे जे जड ते ते दूर करत आणि उरलेल्या सांगाड्यात एखादे दमदार इंजिन बसवून वाळलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रात ती पळवत. मुरॉक नावाचे असेच एक कोरडे तळे त्यांची पंढरी होती. १९३७ साली या पोरांच्या मंडळांनी एकत्र येऊन रीतसर संघटना काढली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, सैन्यातून परतलेले जवान त्यात सामील झाल्यावर, हा नाद देशभर पसरला. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. आज तिकडे जुन्या पद्धतीचा हॉट रॉड बांधणारे हौशी लोक साठी-सत्तरीचे आजोबा आहेत, पण पहिला प्रश्न तोच आहे : इंजिन कोणते?

आणि बहुतेक वेळा उत्तरही तेच असते. फोर्डचे १९३२ सालचे व्ही-८, किंवा त्याच घराण्यातले पुढचे. तिकडे त्याला फ्लॅटहेड म्हणतात, म्हणजे सपाट डोक्याचे. ज्याने हे इंजिन जगाला दिले तो हेन्री फोर्ड तेव्हा ६८ वर्षांचा होता. या वयात माणसे तीर्थयात्रेला निघतात. हा गृहस्थ ओतशाळेत उभा होता.

या माणसाच्या चरित्रात मी शिरलो त्याला निमित्त घरचेच. आमचे गाव नर्सी नामदेव, हिंगोली जिल्ह्यातले. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून लोक ते ओळखतात. कयाधू नदीच्या काठी नामदेवांचे मंदिर आहे, आणि आषाढीहून परतणाऱ्या वारकऱ्यांची परतवारीला तिथे मोठी गर्दी होते. या गावाच्या रस्त्यालगत माझ्या पुतण्याचे गॅरेज आहे. ट्रॅक्टर आणि जीप ही त्याची रोजची गिऱ्हाइके. तीन वर्षांपूर्वी त्याने हैदराबादकडच्या एका भंगारवाल्याकडून १९३० च्या दशकातली एक फोर्ड उचलून आणली. टप कुजलेला, सीटमध्ये उंदरांची वस्ती, आणि बॉनेट उघडले तर आत नुसती पोकळी. इंजिन कुणीतरी कधीच काढून नेले होते. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले, तेव्हा काकांना विचारू या म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. यात काय बसवायचे? जीपचे डिझेल बसवले तर पंधरा दिवसांत गाडी रस्त्यावर. मूळ जातीचे व्ही-८ शोधायचे तर वर्ष-दोन वर्षे आणि बऱ्यापैकी पैसा. घरात दोन तट पडले. वहिनींचा कौल अर्थातच डिझेलला होता. मी म्हटले, आधी ज्याची गाडी त्याला समजून घेऊ. मग ठरवू.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डिअरबॉर्न गावाजवळच्या शेतावरचा. बाप विल्यम आयर्लंडमधून आलेला, कष्टाने जमीनजुमला केलेला शेतकरी. थोरल्या मुलाने शेती सांभाळावी अशी त्याची साधी अपेक्षा. पण मुलाचे हात मातीत रमेनात. शेजाऱ्यापाजाऱ्यांची बंद पडलेली घड्याळे तो खोलून बसे. १८७६ साली, तो बारा वर्षांचा असताना, आई गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बापाबरोबर घोडागाडीतून जाताना त्याला समोरून एक वाफेचे इंजिन येताना दिसले. घोडे नाहीत, बैल नाहीत, आपल्याच ताकदीवर रस्त्याने चाललेले! पोराने गाडीतून उडी मारली आणि इंजिनवाल्याला प्रश्न विचारून भंडावून सोडले. पुढच्या आयुष्यात तो ही आठवण वारंवार सांगे.

सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइट शहरात कारखान्यात उमेदवारी करायला गेला. दिवसा यंत्रशाळेत, रात्री एका सराफाकडे घड्याळदुरुस्ती. तीनेक वर्षांनी गावी परतला तो वाफेची इंजिने चालवणारा कारागीर होऊन. १८८८ मध्ये क्लारा ब्रायंटशी त्याचे लग्न झाले. बापाने जमीन देऊ केली होती, तिच्यावरचे लाकूड कापून विकण्यापुरताच हा शेतकरी झाला. १८९१ मध्ये जोडपे डेट्रॉइटला आले. हेन्री एडिसनच्या नावाने चालणाऱ्या वीज कंपनीत नोकरीला लागला.

१८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्रीचा प्रसंग मला फार आवडतो, कारण त्यात नवऱ्याइतकीच बायकोची कथा आहे. घरात एडसेल हे दीड-पावणेदोन महिन्यांचे तान्हे मूल. क्लारा सणाच्या स्वयंपाकात. हेन्रीने पाइपाच्या तुकड्यातून आणि जुन्या चाकातून बनवलेले पहिलेवहिले इंजिन आणले आणि स्वयंपाकघरातल्या मोरीच्या कठड्याला आवळून बसवले. ठिणगीसाठी घरातल्या दिव्याची वीज. पेट्रोल थेंब थेंब सोडायला माणूस हवा, म्हणून क्लाराला हात धुऊन बोलावले. इंजिन खोकले, शिंकले आणि सुरू झाले. सारे घर धुराने भरले. हातातले पातेले खाली ठेवून ती त्या रात्री उभी राहिली नसती तर पुढचे रामायण घडलेच नसते, असे मला वाटते.

१८९६ च्या ४ जूनला पहाटे त्याची पहिली गाडी तयार झाली. सायकलीची चार चाके, दोन सिलिंडरचे चार अश्वशक्तीचे इंजिन, मागे जाण्याची सोय नाही. घरामागच्या शेडमधून ती बाहेर काढायला गेला तर दार अरुंद! महिनोन्‌महिने रात्री जागवणाऱ्याने गाडीची रुंदी आणि दाराची रुंदी ताडूनच पाहिली नव्हती. त्याने कुऱ्हाड घेतली, विटांची भिंत फोडली आणि गाडी रस्त्यावर आणली. या माणसाच्या स्वभावाची सगळी कुंडली या एका प्रसंगात आहे. आड आलेली भिंत तो फोडणार. पुढे या भिंतींमध्ये माणसेही आली, हे त्याच्या आयुष्याचे दुःख.

इथे मला आपल्याकडचे लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. हेन्रीपेक्षा सहा वर्षांनी लहान. बेळगावात सायकलीच्या दुकानापासून आरंभ, लोखंडी नांगराने शेतजमीन विषारी होते या समजुतीशी झुंज, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर उभी केलेली किर्लोस्करवाडी. त्याच १९१० साली फोर्डचा हायलंड पार्कचा अवाढव्य कारखाना सुरू झाला. दोघांचीही नजर शेतात राबणाऱ्या माणसावर होती. हेन्रीला श्रीमंतांसाठी खेळणे बनवायचे नव्हते. शेतकऱ्याला परवडेल आणि शेतकऱ्यालाच दुरुस्त करता येईल असे यंत्र त्याला हवे होते.

पण तिथवर पोहोचायला त्याला दोन कंपन्या गमवाव्या लागल्या. पहिली १८९९ मध्ये निघाली आणि १९०१ मध्ये बुडाली. दुसरीतून भागीदारांशी न पटल्याने तो १९०२ मध्ये बाहेर पडला; तीच कंपनी पुढे कॅडिलॅक म्हणून गाजली. या पडत्या काळात त्याला तारले ते शर्यतीच्या गाड्यांनी. १० ऑक्टोबर १९०१ रोजी अलेक्झांडर विंटन या नामांकित कारखानदाराला त्याने स्वतः गाडी चालवून हरवले. मग ‘९९९’ नावाची गाडी बांधली. तिला ना टप, ना दारे, ना बॉनेट. चार प्रचंड सिलिंडरचे इंजिन आणि त्यामागे एक खुर्ची, बस्स. १९०४ च्या जानेवारीत गोठलेल्या तळ्यावर तिच्याच जोडीच्या गाडीत बसून त्याने ताशी सुमारे १४७ किलोमीटरचा वेग गाठला. विचार केला तर जगातला पहिला हॉट रॉड या बुवानेच बांधला म्हणायला हरकत नाही.

१६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली आणि १ ऑक्टोबर १९०८ रोजी ‘मॉडेल टी’ बाजारात आली. किंमत ८५० डॉलर, इंजिन २.९ लिटरचे, ताकद २० अश्वशक्ती. आकडा आज मोपेडच्या पंक्तीतला वाटेल, पण त्या इंजिनात एक फार मोठे शहाणपण होते. चारही सिलिंडर एकाच ओतकामात, आणि वरचे झाकण, म्हणजे हेड, सुटे. चार नट-बोल्ट काढले की आतली तब्येत दिसते. खेड्यातला लोहारसुद्धा ते दुरुस्त करू शके. १९१३ पासून सरकत्या साखळीवर गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. साडेबारा तासांत तयार होणारा सांगाडा दीड तासात तयार होऊ लागला. जानेवारी १९१४ मध्ये त्याने कामगाराला दिवसाला पाच डॉलर द्यायचे जाहीर केले, म्हणजे चालू मजुरीच्या जवळजवळ दुप्पट, आणि कामाची वेळ आठ तास. गाडी बनवणाराच गाडी विकत घेऊ लागला. १९२० च्या दशकाच्या मध्याला टीची किंमत २६० डॉलरपर्यंत उतरली होती.

यश डोक्यात गेले नाही असा माणूस विरळा. हेन्रीच्या डोक्यात ते दोन प्रकारे गेले. एक म्हणजे, आपल्याला सगळ्याच विषयांतले कळते असे त्याला वाटू लागले. स्वतःच्या मालकीच्या वर्तमानपत्रातून १९२० पासून त्याने ज्यू समाजाविरुद्ध विखारी लेखमाला चालवली. १९२७ मध्ये माफी मागितली, पण विष पसरायचे ते पसरले होते. १९३८ मध्ये त्याच्या पंचाहत्तरीला हिटलरच्या सरकारने त्याला मानचिन्ह दिले आणि त्याने ते घेतले. हा डाग लपवून त्याचे चरित्र सांगणे हे मुलांना अर्धा धडा शिकवण्यासारखे होईल.

दुसरे म्हणजे, टी हे गाडीविषयीचे शेवटचे सत्य आहे असा त्याचा ग्रह झाला. काळ बदलला, रस्ते सुधारले, शेवरोलेची गाडी देखणी आणि चपळ निघाली. मुलगा एडसेल कंपनीचा अध्यक्ष होता, सुसंस्कृत होता, रूपाची जाण असलेला होता. त्याने परोपरीने सांगून पाहिले. बाप ऐकेना. १९ वर्षे तेच इंजिन, तीच गाडी! अखेर २६ मे १९२७ रोजी दीड कोटीव्या टीबरोबर तिला निरोप देण्याची पाळी आली. पुढची गाडी तयारच नव्हती. कारखाने कित्येक महिने बंद राहिले आणि हजारो कामगार घरी बसले. डिसेंबरात आलेली ‘मॉडेल ए’ चांगली होती, ४० अश्वशक्तीची. पण १९२९ मध्ये शेवरोलेने जवळपास त्याच किमतीत सहा सिलिंडरचे इंजिन दिले.

आता पाहा, हेन्रीच्या आयुष्यातली इंजिन निवडण्याची खरी घडी हीच. वय ६६. समोर सरळ वाट होती : आपणही सहा सिलिंडरचे इंजिन करावे. पण सहाच्या इंजिनावर त्याचा राग जुना होता. १९०६ ची त्याची सहा सिलिंडरची महागडी गाडी त्याला कधी आवडली नव्हती. त्याने ठरवले, ते सहा देतात ना? आपण आठ देऊ, आणि त्याच किमतीत!

आठ सिलिंडरची व्ही आकाराची इंजिने तेव्हा नवी नव्हती. कॅडिलॅक १९१४ पासून ती बनवत होती. पण ती श्रीमंतांची चैन होती, कारण ब्लॉकचे वेगवेगळे भाग ओतून ते जोडावे लागत. हेन्रीचे म्हणणे, दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि खालची क्रँकची पेटी असे सगळे एकसंध ओता, आणि तेही लाखांच्या संख्येने. जाणकारांनी माना हलवल्या. एडिसनची जुनी प्रयोगशाळा हेन्रीने आपल्या संग्रहालयात आणून उभारली होती. तिथे मोजक्या माणसांना बसवून त्याने गुपचूप काम सुरू केले. वाळूचे साचे किंचित सरकले तरी ओतकाम फुकट जाई. भंगाराचे ढीग पडले. बाहेर महामंदीने देश गांजलेला होता. तरीही ३१ मार्च १९३२ रोजी फोर्ड व्ही-८ लोकांपुढे आली. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती, आणि किंमत ४६० डॉलरपासून पुढे. गरिबाला आठ सिलिंडर मिळाले!

योगायोग असा की त्याच १९३२ साली आमच्या निजामी मुलखात सरकारी रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. आमच्या आज्यांनी मोटार पहिल्यांदा पाहिली ती याच सुमारास. फोर्डची भारतीय कंपनी त्याआधीच, १९२६ मध्ये, मुंबईत स्थापन झाली होती. पुढे वालचंद हिराचंद यांनी देशी मोटार कारखान्यासाठी फोर्ड कंपनीशी बोलणी केली. ती जमली नाहीत, क्रायस्लरशी जमली, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहिली.

वर्ध्याशीही या गृहस्थाचा धागा जुळलेला आहे. १९४१ साली त्याने एका भारतीय पत्रकाराच्या हाती गांधीजींना आदराचे पत्र पाठवले. ते डिसेंबरात सेवाग्रामला पोहोचले. गांधीजींनी उत्तरादाखल आपली सही केलेला चरखा पाठवला. साखळीवर लाखो गाड्या जोडणाऱ्याच्या संग्रहात चरखा जावा, हा विधात्याचा विनोदच. पण हेन्रीने तो मोठ्या प्रेमाने जपला.

आता इंजिनाकडे वळू. सपाट डोक्याचे म्हणजे काय? आजच्या इंजिनात वॉल्व्ह वरच्या हेडमध्ये असतात. फ्लॅटहेडमध्ये ते सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे हेड म्हणजे परातीवर झाकलेले सपाट झाकण. भाग कमी, खर्च कमी, काढघाल सोपी. तरुण पोरांना हेच भावले. झाकण बदलून ॲल्युमिनियमचे बसवा, एका कार्बोरेटरच्या जागी दोन-तीन लावा, मर्क्युरी गाडीचा लांब फेऱ्याचा क्रँक घाला, ताकद वाढलीच समजा. १९३९ च्या मर्क्युरीत ते ३.९ लिटरचे आणि ९५ अश्वशक्तीचे झाले. १९४९ नंतर १०० च्या घरात गेले. जाणकार हेडवरचे खिळे, म्हणजे स्टड, मोजून इंजिनाचे वय सांगतात. एका बाजूला २१ असतील तर १९३७ पर्यंतचे, २४ असतील तर नंतरचे.

दोष? आहेत, आणि तेही धन्याच्या हट्टातून आलेले. जळालेला वायू बाहेर पडण्याची वाट सिलिंडरांच्या मधून, ब्लॉकच्या पोटातूनच जाते. त्यामुळे गाडी तापते. मिशिगनच्या थंडीत हे खपते. हिंगोलीच्या मे महिन्यात नाही. ब्लॉकला वॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंत बारीक चिरा जातात, म्हणून पैसे मोजण्याआधी ब्लॉक पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्यावा लागतो. लिटरला सहा-सात किलोमीटर धावले तर नशीब. शिवाय आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, जुनी रबरे आणि पंपातले पडदे त्याने खराब होतात, ते बदलावे लागतात. गंमत म्हणजे शेतातल्या पिकांपासून केलेल्या अल्कोहोलवर गाड्या चालाव्यात याचा हेन्री स्वतः मोठा पुरस्कर्ता होता!

१९४९ नंतर वॉल्व्ह वर असलेली नवी इंजिने आली. १९५५ चे शेवरोलेचे हलके व्ही-८ आले आणि हॉट रॉडवाल्या पोरांनी ते हौसेने उचलले. अमेरिकेतल्या फोर्ड गाड्यांतून १९५३ नंतर फ्लॅटहेड गेले. आपल्याकडे कथा वेगळी. मोठ्या अमेरिकन गाड्यांना पेट्रोल पाजणे परवडेना, तशी त्यांची मूळ इंजिने उतरली आणि पर्किन्ससारखी डिझेल इंजिने चढली. जीपमध्ये प्यूजोचे, कुठे मॅटाडोरचे. आपल्या फिटर लोकांनी ही कलमे अशी सफाईने केली की पाहत राहावे. ती हौस नव्हती, गरज होती. आणि त्या गरजेनेच कितीतरी गाड्या भंगारातून वाचवल्या. पुतण्याच्या गाडीचे इंजिनही बहुधा अशाच एखाद्या अदलाबदलीत गेले असावे.

कायद्याचीही बाजू आहे, तीही पाहिली. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत मनमानी फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक स्पष्ट केले. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण अट अशी की सांगाडा, टप आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे मडगार्ड कापून हॉट रॉड करणे इथे बाद. आणि डिझेल बसवले तर गाडी रस्त्यावर लवकर येईल, पण ती जी आहे ते तिचे असणे कागदावरूनही जाईल.

मी पुतण्याला माझे मत सांगितले ते असे. रोज हिंगोलीला जायचे असेल तर जीप आहेच. ही गाडी वर्षातून चार वेळा निघणार. मग तिच्यात तिच्याच घराण्यातले व्ही-८ बसव, टप कापू नकोस, रेडिएटरची मात्र उत्तम व्यवस्था कर, आणि आधी आरटीओत जाऊन नोंदीचे विचारून ये. आणि एक अट : कर्ज काढायचे नाही. जसा पैसा येईल तसा एकेक भाग. वहिनी या अटीवर राजी झाल्या. सध्या ब्लॉकचा शोध चालू आहे. शिंप्याच्या घरी जन्मलेल्या संताचे हे गाव. तुकड्याला तुकडा जुळवून अंगरखा शिवायला वेळ लागतो, हे इथे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही.

हेन्रीला मात्र वेळेशी कधी जुळवून घेता आले नाही. व्ही-८ हा त्याचा शेवटचा मोठा विजय. त्यानंतर तो अधिकाधिक एकटा आणि कठोर होत गेला. एके काळी मजुरी दुप्पट करणाऱ्याच्या कारखान्याबाहेर २६ मे १९३७ रोजी कामगार संघटनेच्या लोकांना त्याच्या माणसांनी बदडले. १९४१ मध्ये संघटनेशी करार करणे भाग पडले. एडसेलला त्याने आयुष्यभर चारचौघांत खाली पाहायला लावले, आणि २६ मे १९४३ रोजी, ४९ व्या वर्षी, एडसेल कर्करोगाने गेला. ज्याच्या तान्हेपणी त्या स्वयंपाकघरात पहिले इंजिन सुरू झाले होते तोच हा मुलगा. टीचा निरोप, कामगारांवरचा हल्ला आणि मुलाचा मृत्यू, तिन्ही २६ मेचे. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या म्हाताऱ्याने पुन्हा कारभार हाती घेतला, पण गाडा चालेना. १९४५ मध्ये नातवाकडे किल्ल्या गेल्या.

७ एप्रिल १९४७ च्या रात्री डिअरबॉर्नच्या घरी हेन्री फोर्ड वारला. वय ८३. रूज नदीला पूर आला होता आणि घरची वीज बनवणारे केंद्र बंद पडले होते. ज्याच्या इंजिनांनी जगातली निम्मी चाके फिरवली असतील, त्याच्या खोलीत त्या रात्री मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे लावलेले होते. उशाशी क्लारा बसलेली होती. इंजिनात थेंब थेंब पेट्रोल सोडणारे तेच हात, ५३ वर्षांनंतर.